ऐकून पाडलेल्या भिंती

आमचा दादा गवंडी. चाळीस वर्षं लोकांची घरं उभी करण्यात गेली, तेव्हा सुनेला दिवस गेल्यावर मी दुसऱ्या कुणाला बोलावणार? घर वीतभरही वाढवायची सोय नव्हती. पुढे रस्ता, मागे शेजाऱ्याची भिंत. दादा म्हणाला, वाढवायचंय कशाला? स्वयंपाकघराची भिंत उगाच जागा खाऊन बसलीय, ती काढू, दोन हात सरकवून लाकडी पार्टिशन घालू. पाळण्यापुरती जागा आरामात निघेल.

भिंत पारखायची त्याची रीत एकच. हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं आणि कान लावायचा. पोकळ आवाज आला तर नुसती पडदी, खुशाल पाडा. भरीव आला तर वरचा भार तिच्यावर, हात लावायचा नाही. नकाशे उलगडणाऱ्या इंजिनियरांची तो कायम टर उडवायचा. आमच्याकडेही त्यानं ठोकलं, कान लावला आणि सांगून टाकलं, पडदी आहे.

आता खरं सांगते. वर्षभर मला दिसत होतं की मागून हाक मारली तर दादा वळत नाही. फोनवर नुसता हं हं करतो. पण थोरल्या भावाला तोंडावर सांगायचं कुणी? मी मूग गिळून बसले. अक्कल गहाण टाकली होती मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीत सासूबाईंना भरवत होते. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या, आणि त्यांची खाट नेमकी त्या भिंतीच्या वर. खाली दादाचे घाव चालले होते. एका घावाला वाटीतलं पाणी हिंदकळलं. मी उठून दार ओढलं, तर चौकट वाकून दार गच्च बसलेलं.

"दादा, थांब!" म्हणून ओरडले. घाव पडला. घसा फाटेस्तोवर ओरडले. पुन्हा घाव. खाटेच्या पायापाशी फरशीला बोटभर भेग पडली. सासूबाई विचारत होत्या काय झालं, मी म्हटलं काही नाही. आता खाटेसकट खाली जाणार, एवढंच डोक्यात होतं.

खिडकीतून सून दिसली, दारात कपडे वाळत घालत होती. मी किंचाळले, आत जा, मामांचा हात धर. ती धावली, आणि मग माझ्या लक्षात आलं मी तिला कुठे पाठवलं ते. सातवा महिना होता तिला. मी भीतीनं डोळे मिटून घेतले.

घाव थांबले. दादानं आधी तिला बाहेर काढलं, छताला टेकू दिले आणि पहारीनं माझं दार उचकटलं. सासूबाईंना आम्ही शेजारी हलवलं.

मग दादा पायरीवर बसला, अंगभर धूळ. मी त्याच्यासमोर बसले.

"तुला ऐकू येत नाही, दादा. मला माहीत होतं."

वाटलं, भडकेल. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"या वर्षात चार घरांच्या भिंती पाडल्यात मी," तो म्हणाला. "सगळ्या ऐकूनच."

मी कागद आणला. तो पत्ते सांगायला लागला, मी लिहायला. दुसऱ्या पत्त्यावर मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, तिथं वर कोण राहतं?

"राहत कुणी नाही," तो म्हणाला. "पाळणाघर आहे."

उरलेले पत्ते लिहायला आम्ही थांबलो नाही.