गेणबाची काविळीची माळ

मी सहजासहजी कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नाही. पण आमच्या शेजारच्या गेणबाचं करावंच लागतं.

मुळशीत गेणबाची काविळीची माळ प्रसिद्ध. पुनर्नवेच्या काड्या दोऱ्यात गुंफून तो ती रोग्याच्या डोक्यावर ठेवायचा. माळ सैल होत गळ्यात आणि मग कमरेपर्यंत आली की कावीळ उतरली, असं सगळे मानत. रविवारी हिंजवडीच्या साहेबलोकांच्या गाड्याही त्याच्या अंगणाशी लागत. पैसा घ्यायचा नाही आणि माळ अंगावर असेतोवर दुसरं औषध घेऊ द्यायचं नाही, हे नियम त्याच्या वडिलांनी घालून दिलेले.

गेणबाला स्वतःला एचआयव्ही होता, वर यकृतात हेपटायटिस बी. कुठून आला ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. त्याची बायको केशरबाई आणि मी, एवढ्यांनाच ते ठाऊक होतं. शहरातून गोळ्या आणायला मीच सोबत जायचो.

गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. गड्याने आपलीच माळ आपल्या डोक्यावर ठेवली आणि नियम म्हणून गोळ्या बंद केल्या. माळ उतरली की गोळ्या चालू, डोळे पिवळे झाले की पुन्हा बंद. मी ओरडलो तर म्हणाला, "बापाचा सबूद हाय." शेवटी पोट फुगलं, शुद्ध हरपली, तेव्हा उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, गोळ्यांनी अंगात ताकद आली की शरीर यकृतातल्या विषाणूशी झुंजू लागतं आणि सुरुवातीला डोळे पिवळे होऊ शकतात, पण त्याच गोळ्या दोन्ही रोगांना आवरून धरत होत्या. त्या बंद केल्यावर कावीळ उसळली आणि या बंद-चालूच्या खेळात एचआयव्हीचा विषाणू औषधांना सरावला. आता त्या विषाणूसाठी नवी औषधं, आणि यकृतासाठी जुन्यातलं एक, कायमचं. गेणबा कसाबसा वाचला.

त्यानंतर तब्येतीचं कारण सांगून त्याने माळा देणं थांबवलं, पण लोक येतच राहिले. एका रविवारी जवळच्या चांदे गावाहून वृषाली नवऱ्याला, सिद्धांतला, घेऊन आली. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे.

"काका, यांच्या कायमच्या दुसऱ्या गोळ्या आहेत," ती म्हणाली. "काल रात्रीपासून बंद केल्यात. तुमचा नियमच आहे ना?"

"बंद करू नगा. आन् आजच डाक्टरला डोळं दावा."

"मग इतकी वर्षं उलटं का सांगत होता?" सिद्धांत चिडला. "तुम्ही माळ देत नसाल तर दुसरीकडून घेईन. गोळ्या बंदच राहतील."

केशरबाई दारातून मान हलवत होती, बोलू नका म्हणून. गेणबा पाण्याचा तांब्या हातात घेऊन, भिंतीला धरून उठला.

"मला एचआयव्ही हाय," तो भरल्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला. "लिव्हरलाबी रोग हाय. माळ घालून म्या गोळ्या सोडल्या आन् मरता मरता वाचलो. जुनी गोळी आता एचआयव्हीला लागू पडत न्हाई. बापाचा नियम चुकला. माजंबी चुकलं."

बापाचं नाव आणि जन्मभराची अब्रू या माणसाने एका अनोळखी पोरापायी ओवाळून टाकली होती. एवढं धैर्य मी आमच्या गावात तरी पाहिलेलं नाही. लोक एकमेकांकडे न बघता उठले, गाड्या सुरू झाल्या आणि जरा वेळात अंगण रिकामं झालं.

वृषाली आणि सिद्धांत तेवढे बसून होते. मग सिद्धांतने खिशातून गोळ्यांची डबी काढली, गेणबाच्या हातातला तांब्या मागून घेतला आणि रात्रीची राहिलेली गोळी तिथंच गिळली.