खोब्रागडे पुढच्या ओळीत

जयवंता खोब्रागडेच्या टाइपिंगला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं रामदासपेठेतल्या त्या कालव्याच्या ऑफिसात सगळे म्हणत. खोडाखोड नाही, अक्षर वरखाली नाही, आणि उजवीकडचा समास तर असा की पट्टी लावून बघावा. त्याच समासानं तिचा घात केला, हे सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

हे टाइपिंग तिच्या पदरात आपोआप पडलं नव्हतं. बाप बळीराम गिरणीत होता. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून पोरांच्या हातात पाटी पाहिजे, हा एकच धोशा त्यानं लावला होता. तो अचानक गेला तेव्हा मोठा लहानू सातवीत आणि जयवंता चौथीत. आईच्यानं दोघांचं शिक्षण होण्यासारखं नव्हतं. तेव्हा लहानूनं आपणहून दप्तर खुंटीला टांगलं. "इले शिकू दे," तो आईला म्हणाला, "घरात इंग्रजी कागद वाचणारं एक तरी माणूस पाहिजे." बारा-तेरा वर्षांचं पोर ते! मग ती मॅट्रिक झाली, सीताबर्डीवरच्या टाइपिंगच्या वर्गात गेली, आणि तो विटा वाहत राहिला.

त्या वर्गातले मास्तर भारी कडक. टाइपरायटरवर ओळ संपायच्या आधी पाच-सात अक्षरं घंटी वाजते. घंटी वाजली की हातातला शब्द बसत असेल तर बसवायचा, नसेल तर दांडी ओढून तो खालच्या ओळीत घ्यायचा. घंटी वाजून डावा हात दांडीवर गेला नाही, तर बोटांवर फूटपट्टी बसे. सहा महिन्यांत जयवंताच्या बोटांना अशी सवय लागली की घंटी कानानं ऐकायची गरजच उरली नाही. ओळ कुठं संपते ते बोटांना कळायचं.

लहानू पुढे सावनेरकडच्या कालव्यावर लागला, रोजंदारीवर. दर तीन महिन्यांनी नवा हुकूम निघे. इंग्रजीत एकच लांबलचक परिच्छेद, आणि त्यात स्वल्पविराम देत देत सगळ्या मजुरांची नावं सलग लिहिलेली. लहानू तो कागद मुकादमाकडून मागून आणायचा आणि शनिवारी इंदोऱ्याच्या घरी जयवंतासमोर धरायचा. "वाच वं." ती पहिल्यापासून वाचायला लागे. मधलंच नाव काढून सांगितलेलं त्याला चालत नसे. लहानू बळीराम खोब्रागडे आलं की तो म्हणे, "बस्स, आलो मी!" आणि कागदाची घडी करून खिशात ठेवी. सोमवारी तो मुकादमाला परत जाई आणि मुदत संपली की ऑफिसात जमा होई. भावाबहिणीची ही रीत वर्षानुवर्षं चालली.

शहाऐंशी साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला थंड हवेची खोली, दाराशी चपलांचा ढीग आणि आत मार्तंड नावाचा एक हुशार तरुण. त्याच सुमारास वरून फर्मान आलं, की ज्या मजुराचं नाव एक्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या वीसच्या वीस हुकमांत सलग असेल, त्याला कायम करा. एका हुकमात नसेल तर खंड पडला, विषय संपला. ते वीस हुकूम मशीनमध्ये भरायचं काम कोणाकडे येणार? जयवंताकडेच. तिला हर्ष झाला. दादाला कायम करणारा कागद आपल्या हातानं होणार म्हटल्यावर का होऊ नये?

तिनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. मशीनला घंटी नव्हती, दांडीही नव्हती. पण पासष्टाव्या अक्षराजवळ बोटं आपोआप थांबायची, मोठा शब्द बसत नसेल तर एंटरची कळ दाबायची आणि तो खाली घ्यायची. हिरव्या अक्षरांचे परिच्छेद पडद्यावर कसे नीटनेटके उभे राहिले! मार्तंडही म्हणाला, "वा, जयवंताबाई!" बक्षीसाहेब, म्हणजे ऑफिसचे मोठे साहेब, त्यांनी कागदी हुकूम रद्दीत घालायला सांगितले. सगळं आता मशीनमध्ये आहे, कशाला उगाच कपाटं अडवायची?

मग मार्तंडनं नावं शोधायला घेतली. कुठं बापाचं नाव पूर्ण होतं, कुठं नुसतं आद्याक्षर, म्हणून त्यानं एक युक्ती केली. मशीनला सांगायचं, आधी लहानू शोध, मग मधे काहीही असो, आणि पुढे खोब्रागडे. त्या 'काहीही'साठी एक टिंब आणि एक चांदणी, एवढीच खूण. दोनशे बारा माणसं त्यानं दोन दिवसांत तपासली. साहेबांनी यादीवर सही ठोकली, 'संगणकाद्वारे तपासली' असा शेरा मारला आणि यादी मुंबईला गेली.

लहानूचं नाव त्यात नव्हतं. एकोणीस हुकमांत मशीनला तो सापडला, ब्याऐंशीच्या पावसाळ्यातल्या हुकमात सापडला नाही.

जयवंता हादरली. पण लहानू शांत होता. "तूच टाइप केलं ना वं?" त्यानं विचारलं.

"हो दादा. मले तं वाटते तुहं नाव होतं. अर्जी करू ना गा आपण."

"कायची अर्जी? तुह्या हातून कधी चुकलं हाये का? तवा मले कावीळ झाली होती, आठवते? त्या बारीचा कागद मी आनलाच नाई. मुकादमानं नाव कापलं असन." आणि वर तिलाच समजावलं, "तू कायले जीव जाळून राहिली? तुहा कागद खोटा नसते."

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं. आपल्या हाताचा गर्व कोणाला सोडवतो?

चार महिने गेले. एका दुपारी मार्तंड जेवायला गेला असताना साहेबांना जयवंतानंच मशीनमध्ये भरलेला एक जुना ठराव हवा झाला. शोधायची कळ कशी दाबायची ते जयवंता आता शिकली होती. 'राइट कॅनॉल', म्हणजे उजवा कालवा, एवढे दोन शब्द तिनं शोधायला दिले. मशीन म्हणालं, नाही. तिनं परत दिले. नाही. आणि पडद्यावर तर ते समोर दिसत होते! 'राइट' एका ओळीच्या शेवटी, 'कॅनॉल' खालच्या ओळीच्या सुरुवातीला. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. मशीन म्हणतच होतं, नाही.

तिनं ब्याऐंशीच्या पावसाळ्याचा हुकूम उघडला आणि एकेक ओळ बोटानं वाचत गेली, शनिवारी वाचायची तशी, पहिल्यापासून. अकराव्या ओळीच्या टोकाला होतं, लहानू बळीराम. बाराव्या ओळीच्या तोंडाशी, खोब्रागडे. नाव मोठं, समासात बसलं नाही, बोटांनी खाली घेतलं.

"आई गं!" ती एवढ्यानं म्हणाली की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

मार्तंड आला. बघितलं आणि खुर्चीत बसलाच. "अहो बाई, ओळीच्या शेवटी तुम्ही एंटर कशाला मारलात? हे मशीन एका वेळी एकच ओळ बघतं. तुमच्यासाठी तो एक परिच्छेद, त्याच्यासाठी चाळीस वेगळ्या ओळी."

"पन तुम्ही मधे काहीही चालते म्हनून सांगतलं होतं ना त्याले?"

मार्तंड खाली बघत म्हणाला, "काहीही म्हणजे कुठलंही अक्षर. ओळीचा शेवट त्यात धरत नाहीत."

आता बोला! काहीही म्हणजे काहीही, पण हे सोडून. आणि हे ज्याला माहीत होतं त्यानं दोन दिवस दोनशे बारा माणसं तपासताना एकदा ओळीचं टोक बघू नये? एवढा शिकलेला माणूस! टाइपरायटरवर जन्म घालवलेल्या बाईला कोण सांगणार होतं, की इथे एंटर मारू नका म्हणून?

त्यानं मग एक कळ चालवली. खालची ओळ वरच्या ओळीला जोडायची, सगळा परिच्छेद एकच लांब ओळ करायची, आणि मग शोधायचं. पाच मिनिटांचं काम. लहानू लगेच सापडला. त्याच्याबरोबर आणखी तीस माणसं सापडली. एकतीस जण, आणि सगळे ओळींच्या टोकाला लटकलेले. मार्तंडनं घाम पुसला आणि हात जोडले, "बाई, माझं नाव घेऊ नका. माझी नोकरी अजून पक्की नाही."

त्याची नोकरी पक्की नाही! जयवंताला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही.

ती एकटीच बक्षीसाहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे माझ्या सहीची यादी चुकीची, असं मी मुंबईला कळवू?"

"साहेब, चूक माझी आहे. मी तसं लिहून देते."

"द्या की. तुमच्या भावाचं नाव त्यात आहे, हेही लिहा. चार महिन्यांनी बहिणीला भावाचं नाव मशीनमध्ये सापडलं. वाचणारा काय समजेल? मूळ कागद आहेत का तुमच्याकडे?"

कागद! ते रद्दीत घालायला कोणी सांगितलं होतं? तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. तो गिळलेला शब्द तिला जन्मभर छळत राहिला. तरीही तिनं लिहून दिलं, एकतीस नावांसकट. अर्ज फायलीला लागला. उत्तर म्हणून तिला एक मेमो मिळाला, निष्काळजीपणाबद्दल, आणि थंड खोलीतून उचलून तिला परत टाइपरायटरवर बसवलं. यादी होती तशीच राहिली. मशीनमधल्या ओळी मात्र साहेबांनी कायमच्या जोडून घेतल्या. आता लहानू त्यात एका झटक्यात सापडे, वीसच्या वीस हुकमांत. काय उपयोग?

शनिवारी ती त्याला सांगायला बसली. वहिनी भाकरी टाकत होती.

"दादा, तुहं नाव होतं गा. माह्याच हातानं तुटलं." तिनं सगळं सांगितलं. घंटी, समास, एंटर, एक ओळ, दुसरी ओळ. काहीही लपवलं नाही.

लहानू ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, "म्हंजे मी होतो?"

"होता."

"आन मी चार महिने साऱ्याइले सांगून राहिलो, का माह्याच काविळीनं घात केला. मुकादमाले तोंडावर शिव्या देल्या मी." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "समास नीट दिसावा म्हनून?"

समास नीट दिसावा म्हणूनच.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढं केलेलं ताट त्यानं बाजूला सारलं आणि उठून बाहेर गेला. वहिनीनं भाकरी झाकून ठेवली.

त्यानंतर शनिवार आले आणि गेले. लहानू घरी यायचा, जेवायचा, पोरांशी बोलायचा, तिच्याशीही कामापुरतं बोलायचा. खिशातून कागद मात्र निघाला नाही. तिनं एकदा विचारलं, "नवा हुकूम आला असन ना गा?" तो म्हणाला, "आला," आणि हात धुवायला उठला.

पुढच्या हुकमाचा मसुदा जयवंताकडेच टाइपला आला. रोजंदारीचाच, तीन महिन्यांचा, नावं सलग. लहानू बळीराम खोब्रागडे ओळीच्या टोकाशी येत होतं. घंटी वाजली. तिनं दांडी ओढली नाही. समास मोडून नाव तसंच पुढं रेटलं, कागदाच्या कडेपर्यंत, आणि ते अख्खं एका ओळीत बसवलं. मोठ्या बाबूनं कागद बघून नाक मुरडलं, "जयवंताबाई, हात बिघडला का तुमचा?" तिनं पुढचा कागद टाइपरायटरवर चढवला.

त्या दुपारी मुकादमानं हुकूम न्यायला लहानूलाच ऑफिसात पाठवलं. जावकच्या टेबलावरून त्यानं कागद घेतला. जयवंता चार टेबलं पलीकडे होती, तिला तो दिसला. आता इकडे येईल म्हणून तिनं बाजूची खुर्चीही ओढून ठेवली. तो जिना उतरून खाली गेला.

ती खिडकीशी गेली. समोरच्या पानठेल्यापाशी लहानू उभा होता. पानवाल्यानं चुन्याचा हात फडक्याला पुसला, कागद हातात घेतला आणि अडखळत, पहिल्यापासून वाचायला लागला. लहानू मान खाली घालून ऐकत होता. बऱ्याच वेळानं त्यानं हात वर करून पानवाल्याला थांबवलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.