फायलीखाली राहिलेला अर्ज

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकरोडला न्हाव्यासमोर अर्धी दाढी करून बसलो होतो. तसाच उठलो आणि सायखेड्याची एसटी धरली. तो असता तर म्हणाला असता, "भावड्या, निम्मं तोंड घरी ठिवून आला का रं?" सकाळी दूध काढून उठला आणि गोठ्यातच कोसळला. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालो, दोघंही तोफखान्यात. निघताना त्याच्या आईनं माझा हात धरला होता. "दोघं संगं चालले, संगंच ऱ्हावा." दत्तू तोफेवर लागला. माझं अक्षर बरं, म्हणून मी युनिटच्या ऑफिसात कारकून. पण दत्तूचा जीव विमानात. ओझरची विमानं लहानपणापासून आमच्या डोक्यावरून जायची. नुसत्या आवाजावरून तो कोणतं ते सांगायचा. चार-पाच वर्षांनी सैन्याच्याच हवाई शाखेत हेलिकॉप्टर-दुरुस्तीसाठी अर्ज मागवले. त्यानं त्याचा अर्ज माझ्या हातात दिला. "तू हाय म्हणून काळजी नाय."

तो अर्ज मी साहेबांपुढे नेलाच नाही. रजेच्या फायलीखाली सरकवला आणि मुदत टळून जाऊ दिली. मग तोंड पाडून सांगितलं, "लय भांडलो रे, पण साहेब नाय म्हणाले." मनाला म्हटलं, त्याच्या आईला शब्द दिलाय. कसला शब्द अन् कसलं काय! मला एकट्याला तिथं करमलं नसतं, एवढंच खरं. त्या दिवशी घशाखाली घास उतरेना, तर वेडा मलाच समजावत बसला.

तोफेनं त्याचे कान नेले. पेन्शन घेऊन घरी आला तो जवळजवळ ठार बहिरा होऊन. मग दर रविवारी मी सायखेड्याला जायचो, ओट्यावर त्याच्याशेजारी बसायचो. विमान आलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो, तो वर बघायचा. बहुतेकदा उशीरच व्हायचा, शेपटी तेवढी दिसायची... तरी गडी खूश! कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण त्याला सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागणार, अख्खी गल्ली ऐकणार. या लाजेपायी वर्षं घालवली मी.

दहाव्याला मंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे नेहमी सांगायचे, भावड्या माझ्यासाठी साहेबाशी भांडला, त्या दिवशी जेवला पण नाही. असा दोस्त मिळायला नशीब लागतं म्हणायचे." मी मान खाली घालून लाडू चिवडत बसलो.

परवाच्या रविवारी पुन्हा ओट्यावर बसलो होतो. विमान आलं. हात सवयीनं शेजारी गेला आणि तसाच राहिला... वहिनी दारातून बघत होत्या. आता ओरडायचीही गरज नव्हती, तरी तोंड उघडेना. म्हणून हे लिहिलं. वहिनी, पेपरची ही पुरवणी तुम्ही वाचता. येत्या रविवारी येतो. ओट्यावर बसू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.