पंचांगात नसलेले वाक्य

गुढीपाडव्याच्या दुपारी मारुतीच्या पारावर नव्या वर्षाचे पंचांग वाचून दाखवण्याचे काम आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. वडिलांच्या मागे ते माझ्याकडे आले, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. येरमाळ्यापासून दोन कोसांवरचे आमचे गाव कोरडवाहू. त्यामुळे संवत्सराचे नाव किंवा राजा-मंत्री कोण याकडे लोकांचे फारसे लक्ष नसते. मेघांचा अधिपती कोण आणि मृगाचे वाहन कोणते, एवढे ऐकायला मात्र सारे गाव येते. बेडूक किंवा म्हैस निघाली की भरपूर पावसाच्या भरवशावर माणसे सैलावून बसतात. मेंढा किंवा कोल्हा निघाला की कुणी तरी उगाच पायातली वहाण झटकतो. वडिलांनी हे काम सोपवताना एकच दंडक घालून दिला होता: छापलेल्या अक्षरापलीकडे जायचे नाही. ऐकणाऱ्यांचे बियाणे तुझ्या जिभेवर असते, असे ते म्हणत.

पाराच्या तिसऱ्या पायरीवर दर पाडव्याला माझे शेजारी बसत. आमच्या शेतांना एकच बांध. ते माझ्याहून पाच वर्षांनी वडील. सारे गाव त्यांना भाई म्हणते, मीही म्हणतो. जुम्म्याची नमाज आणि मृगाची पेरणी, या दोन गोष्टींत त्यांनी कधी चूक केली नाही. वाचन संपून प्रसादाचा कडुनिंब वाटला गेला की ते उठून जवळ येत आणि हळू आवाजात म्हणत, “गुरुजी, मृगाचं पुन्हा एकडाव सांगा.” मी सांगत असे. त्याप्रमाणे त्यांची पेरणी ठरे. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांना असेच विचारले होते.

ते वडील भाईंना फार काळ लाभले नाहीत. निजामाचे राज्य संपले त्या भाद्रपदात मी जेमतेम तीन वर्षांचा होतो. जे सांगतो आहे ते ऐकीव आहे, तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण आमच्या घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. त्याआधीच्या वर्षी रझाकारांनी आमच्या आळीतली घरे जाळली होती. फौज आल्यावर सूड उगवला गेला, आणि ज्यांच्यावर तो उगवला गेला त्यांतल्या बहुतेकांनी कधी काडीही पेटवली नव्हती. भाईंचे वडील ज्वारीच्या शेतात गेले ते परतले नाहीत. सोळा वर्षांचा थोरला मुलगा नातेवाइकांबरोबर रातोरात हैदराबादकडे निघाला आणि तिथून कराचीला पोहोचला. आईने जाण्यास नकार दिला. आठ वर्षांच्या धाकट्याला कडेशी धरून ती इथेच राहिली. थोरला परत येईल या आशेवर तिने पुढची तीस वर्षे काढली. ओढ्याकाठच्या कबरस्तानात चिंचेखाली तिची कबर आहे.

प्रथम पत्रे येत, मग वर्षानुवर्षे काहीच नाही, आणि अखेरीस या फोनच्या काळात चेहरेही दिसू लागले. भाईंची मुलगी कळंबला शाळेत शिक्षिका आहे. रविवारी ती बसने येई आणि वडिलांच्या हाती फोन देई. अशा वेळी मी ओसरीवर असलो तर मलाही बोलावत. पडद्यावर पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ दिसत आणि त्यांच्या तोंडून आमच्या लहानपणीची मराठी ऐकू येई. इथल्या मुलांच्या तोंडी आता जे शब्द राहिलेले नाहीत, ते तिकडे समुद्राकाठी जपून राहिले होते. विहिरीचे पाणी अजून गोड आहे का, असे ते विचारत. आणि दर वेळी शेवटी एकच गोष्ट म्हणत: आईच्या कबरीवर आपल्या हाताने एक मूठ माती टाकायची आहे. व्हिसासाठी त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. भाईंनी तिकडे जाण्यासाठी केलेला अर्जही तसाच परत आला.

या दोन देशांविषयी माझे मत तेव्हा अगदी पक्के होते, आणि ते मी लपवत नसे. पाठशाळेत बारा वर्षे काढलेल्या माणसाला देश नकाशावरून ठाऊक नसतो, संकल्पातून ठाऊक असतो. रोज सकाळी पळीभर पाणी हातावर घेऊन मी ‘भरतखंडे’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला मध्ये कुंपण घातलेले मला कधी जाणवले नाही. कलशात ज्या सात नद्यांना बोलावतो त्यांतली सिंधू परक्या मुलखात वाहते. हिंगलाजेची देवी तिकडेच बसली आहे. शरीर कापले म्हणून त्याचे दोन देह होत नाहीत, आज ना उद्या दोन्ही एक झालेच पाहिजेत, असे मी एकदा फोनवर भाईंच्या थोरल्या भावालाही सांगितले. माझ्या दृष्टीने ते प्रेमाचे बोलणे होते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “देशाचं मला कळत न्हाय गुरुजी. आपलं गाव तर तवा एकच होतं ना? त्या एका गावातूनच पळालो म्या.”

भाईंनी फोन आपल्याकडे घेतला आणि विहिरीचे बोलणे काढले.

मी तिथेच थांबायला हवे होते. पण पाठांतराने आलेल्या खात्रीला असे एखादे वाक्य चटकन भेदत नाही. पुढच्या पाडव्याला पारावर माणसे जमत होती तेव्हा तोच विषय निघाला. आदल्या रात्री टीव्हीवर त्याचीच चर्चा झाली होती. एक जण म्हणाला, सगळा मुलूख परत घ्यावा. दुसरा म्हणाला, आहे तेवढ्याला पाणी पुरत नाही, अजून घेऊन करायचे काय. मी माझे म्हणणे मांडले की प्रश्न घेण्याचा नाही, एक होण्याचा आहे. शेजाऱ्याशी वैर मनातले असते, भिंत काढली की तेही जाते. तिसऱ्या पायरीवरून भाई म्हणाले, “मग आधी आपला बांध मोडू का गुरुजी? दोन हात तुमच्याकडं सरकलाय म्हणता न्हवं.” सारा पार हसला. मीही हसलो, पण ते मला लागले. बांधाची ती कुरबूर माझीच होती, आणि तलाठ्याला मोजणीसाठी दोनदा मीच बोलावले होते.

त्या हशातून सावरायला मी पंचांग उघडले. संवत्सरफल वाचले, मेघेश वाचला, मृगाचे वाहन म्हैस निघाले तेव्हा लोक खुलले. पुढे राजकीय फलाच्या दोन ओळी होत्या. शेजारी राष्ट्रांशी वाटाघाटी संभवतात, इतकेच त्यांत होते. माझे डोळे त्या ओळींवर होते आणि तोंडातून निघाले, त्याच संथ वाचनाच्या स्वरात: “या संवत्सरात तुटलेले अंग जोडले जाईल, सीमेची वाट मोकळी होईल.”

असे कुठेही छापलेले नव्हते. मी ते जाणूनबुजून रचले, असे म्हणणेही पूर्ण खरे होणार नाही. इच्छा आणि अक्षर यांच्यामधले अंतर त्या क्षणी मला दिसले नाही, आणि ते दिसावे म्हणूनच मला पारावर बसवलेले होते. पुस्तक मिटल्यावर भाई नेहमीप्रमाणे जवळ आले. त्यांनी मृगाचे विचारले नाही. “वाटेचं पुन्हा एकडाव सांगा,” म्हणाले. मी पुन्हा सांगितले.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी माझ्याकडे आली. तिने एक मार्ग काढला होता. व्हिसा दोन्हीकडून मिळत नाही, पण मक्केला दोघांनाही जाता येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कळंबहून उमऱ्याच्या यात्रेला एक मोठी तुकडी निघणार होती, तिच्यात तिने वडिलांचे आणि आपले नाव घातले होते. तिकडून चुलते आपल्या मुलासह त्याच आठवड्यात यायला तयार होते. सत्तर वर्षांनी दोघे भाऊ काब्यासमोर भेटले असते. आणि आता अब्बा नाही म्हणत होते.

“म्हणतात, परमुलखात कशाला भेटायचं, यंदा वाट उघडतीय, थोरला भाई घरीच येईल. आयच्या कबरीवर माती टाकील. गुरुजींनी वाचलंय.” मग तिने विचारले, “गुरुजी, खरंच तसं लिहिलंय का त्यात?”

पंचांग माझ्या मागच्या फडताळात होते. हात लांबवून ते तिच्यापुढे ठेवले असते तर प्रश्न मिटला असता. ती शिकलेली होती, तिने स्वतः वाचून पाहिले असते. मी म्हणालो की ग्रहांचे फळ मोघम असते, वर्षात केव्हाही मिळते, माणसाने आपल्या बुद्धीनेही निर्णय घ्यावा. ती म्हणाली, “तेवढंच अब्बांना सांगा. माझं ऐकत न्हाईत. तुमच्या एका शब्दानं जातील.” मी सांगतो म्हणालो.

त्या संध्याकाळी बांधावर भाई भेटले तेव्हा मी उमऱ्याचा विषय काढला खरा. जाऊन या, पुण्याचे काम आहे, असे म्हणालो. ते म्हणाले, “जाऊ की. थोरल्या भाईला घिऊन जाऊ, हितूनच.” त्यांचा चेहरा इतका निवांत होता की पुढचे वाक्य माझ्याकडेच राहिले. दयेने राहिले, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. आज सांगतो, ते मानासाठी राहिले. पन्नास वर्षांत माझ्या वाचनावर कुणी बोट ठेवले नव्हते.

सुट्टी संपली. उमऱ्याची तुकडी जाऊन आली. सीमेवरून ज्या बातम्या येत होत्या त्या वाट बंद होण्याच्याच होत्या. भाई तरीही विहिरीचा काठ दुरुस्त करून घेत होते, कबरस्तानातली बाभळीची झुडपे तोडून घेत होते. आश्विनात एका सकाळी मी संध्या आटोपून उठत होतो तेव्हा त्यांच्या दारात माणसे दिसली. कराचीहून पुतण्याचा फोन आला होता. तिकडे थोरला भाऊ पहाटे गेला होता आणि दुपारपर्यंत दफनही होणार होते. मुलीने फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर गर्दीतले खांदे आणि मधूनच आकाश दिसत होते. भाई त्यासमोर जमिनीवर बसले होते. लोक मूठ मूठ माती टाकू लागले तेव्हा त्यांचा उजवा हात उचलला गेला, तसाच थोडा वेळ राहिला, आणि मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी पंचांग काखेत घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते पान उघडून पुढे धरले आणि सांगितले की वाटेचे वाक्य यात नाही, ते माझे होते. तुमच्या मुलीने विचारले तेव्हाही मी लपवले. त्यांना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नव्हते. त्यांनी पानावरून बोट फिरवले.

“बाकीचं?” त्यांनी विचारले. “पावसाचं तरी छापलेलं वाचता का?”

मी हो म्हणालो, आणि ते खरे होते. त्यांनी मान हलवली. आतून मुलीने चहा आणून ठेवला, माझ्याकडे न पाहता.

यंदाच्या पाडव्याला वाचनाआधी मी पारावर सगळ्यांसमोर ते कबूल केले. मला वाटले होते कुणी तरी रागावेल. एक जण म्हणाला, “एवढं काय त्यात गुरुजी, टीव्हीवर तर रोजच बोलत्यात.” आणि मृगाचे लवकर वाचा म्हणाला. तिसरी पायरी मोकळी होती.

दोन देश एक व्हावेत की नाही, हे आता मला कुणी विचारले तर मी सांगत नाही. संकल्प रोज सांगतो. त्यातला शब्द माझ्या पूर्वजांचा आहे आणि तो वगळण्याचा अधिकार मला नाही. पण त्या शब्दाशी आलो की तो मी छापलेला वाचावा तसा एकेक अक्षर सुटे करून म्हणतो.

या वर्षी मृगाचे वाहन मेंढा होते. मृग कोरडे जाईल, पेरणीची घाई करू नये, असे स्पष्ट छापलेले होते. नक्षत्र लागायच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून मी शेतात गेलो. पलीकडे भाईंची पेरणी चालली होती, कोरड्या मातीत, धुरळा उडत होता. ते बांधाजवळ काठी टेकून उभे होते. मी बांधाच्या अलीकडे थांबून त्यांना मेंढ्याचे सांगितले.

“छापलंय?” त्यांनी विचारले.

“छापलंय, भाई.”

“बरं,” ते म्हणाले, आणि हात वर करून त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला पुढची ओळ धरायला सांगितले.