सिग्नलवरची प्रार्थना

शांतवनकाका पाटोळे घरच्या सभेत प्रार्थनेला उभे राहिले की नीलाकाकू आत जाऊन चहाखालचा गॅस बंद करायच्या. स्वर्गापासून निघालेली नवऱ्याची प्रार्थना पिंपळे गुरवच्या घरापर्यंत पोचेतो चहाचा काढा होतो, हा त्यांचा जुना अनुभव. चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडो, कुणाची नोकरी जावो, पाळकसाहेबांची मान काकांकडेच वळायची. सगळा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर काढल्यामुळे असेल, हाती घेतलेलं काम गुळगुळीत केल्याशिवाय काका सोडत नसत.

अनुग्रह नावाचा पोरगा त्यांना सापडला चर्चच्या फाटकाशी. मूळचा जालन्याकडचा, चाकणला कंपनीत, राहायला मोशीत. शेवटच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वादाआधीच पसार व्हायचा. काकांनी उपदेश केला नाही. नुसतं विचारलं, "नाशिक फाट्यापर्यंत सोडतोस का रे?"

पुढच्या रविवारपासून काकांची स्कूटर घरी धूळ खात पडली आणि काका बसने चर्चला जाऊ लागले. का, तर येताना पोराच्या गाडीवर बसता यावं म्हणून.

मागे बसल्याबसल्या त्यांनी एक पद्धत काढली. सिग्नल लाल झाला की एका माणसासाठी प्रार्थना. हिरवा झाला की आमेन. काकांनी मोठ्यानं करायची, अनुग्रहनं मनात.

"मला न्हाई जमत काका, ते 'परमदयाळू' वगैरे. तोंडातच अडकतं."

"मग नको म्हणूस. देवाला जालन्याची बोली येते."

तरी प्रार्थनेला पोरगं काही तोंड उघडेना. काकांनीही कधी घाई केली नाही. कुठून कुठून विषय निघायचे: रात्रपाळी, गावाकडची आई, खोलीवरचं एकटेपण. सिग्नल कमी पडायला लागले, तेव्हा दोघं फाट्यावर चहा प्यायला थांबू लागले.

मग काकांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. भेटायला येईल त्याला काका म्हणत, "प्रभू आहे ना!" पण एकटे गुडघ्यावर बसले की 'हे पित्या'च्या पुढे गाडी सरकत नव्हती. इतरांसाठी इतकं मागत आलेला माणूस, स्वतःसाठी मागायची वेळ आली तर मुका. हे सांगायचं कुणाला? घरच्या सभेत चहा आता वेळेवर मिळू लागला. काकूंना कळलं; गॅस बंद करायला उठायची गरज आता पडत नव्हती.

ॲडमिट व्हायच्या दिवशी अनुग्रह सुट्टी टाकून रिक्षा घेऊनच आला. मध्ये काका, दोन्हीकडे काकू आणि अनुग्रह, मांडीवर पिशव्या. नाशिक फाट्याला सिग्नल लाल झाला.

सवयीनं अनुग्रहनं डोळे मिटले आणि वाट पाहिली. काकांनी ओठ उघडले, पुन्हा मिटले.

"प्रभू," अनुग्रहच बोलायला लागला, घसा खाकरत. "मी अनुग्रह. चाकणच्या कंपनीतला. हे आमचे काका. घाबरलेत, पण सांगायचे न्हाईत. मी इथं आलो तेव्हा माझं कुणी नव्हतं राव... आता हाय. ह्यांना सांभाळ. मला शिकवायचं अर्धंच झालंय यांचं. त्यांची शिफ्ट मधीच संपवू नको."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ रिक्षा, झोपला का?"

रिक्षावाल्यानं समोरच्या गणपतीला हात लावला आणि मागे वळून हळूच विचारलं, "झालं का काका? निघू?"

नियम काकांचाच होता: हिरवा म्हणजे आमेन. पण काकांनी हात वर केला. "थांबा भाऊ. पोरगं पहिल्यांदाच बोलतंय."

अनुग्रहनं काकांचा हात धरला. मग काकांनीच "आमेन" म्हटलं, इतकं खणखणीत की मोटारसायकलवालाही दचकला.

रिक्षा पुढे निघाली. काकांनी चष्मा पुसला.

"पुढचा सिग्नल माझा," ते म्हणाले. "माझ्यासाठीच करणार आहे."

"करा," काकू पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "कितीही लांबू दे. आज गॅसवर काही नाही."