न्हाणीचा झरोका

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं आणि झरी गावातल्या आमच्या घरात कामांची वाटणी झाली. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी हे सगळं बायकोकडे. माझ्याकडे एकच काम आलं, न्हाणीतला गॅसचा गिझर. "पाणी कडक तापलं पायजे," तिनं बजावलं. "कोमट पाण्यानं बाळंतीण न्हात न्हाई."

माझं आयुष्य परभणीच्या एका सरकीच्या तेल मिलमध्ये बॉयलरपाशी गेलं, त्यामुळे पाणी तापवण्याबद्दल मला कुणी शिकवलेलं खपत नाही. तापट मी आहेच. बायको म्हणते, मिलमधला बॉयलर बंद झाला, यांचा अजून चालूच आहे.

गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही गॅसचा गिझर घेतला होता. तो न्हाणीच्या बाहेर लावावा असं माझं म्हणणं. पण नळी फिरवून आत आणली की पाणी वाटेतच निवतं, असं बायकोचं म्हणणं. आमच्या घरात कुणाचं म्हणणं चालतं हे सांगायला नको. मग मी एक अट घातली. भिंतीत वर जाळीचा झरोका ठेवायचा आणि तो कायम उघडा राहील. सिलिंडर मात्र मी बाहेर परसातच ठेवला.

लेक यायच्या आधी मी गिझर उघडायला घेतला. त्याची खरी करामत आतल्या तांब्याच्या खोक्यात असते. कंपनीच्या पुस्तकात त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. खाली ज्योत, वर तांब्याच्या पातळ पट्ट्या दाटीवाटीनं उभ्या, आणि त्यांच्यातून गेलेली पाण्याची नळी. ज्योतीची धग पट्ट्या घेतात, पट्ट्यांची नळी घेते, नळीची पाणी घेतं. पट्ट्यांच्या फटींत काजळी बसली की जळलेल्या वायूला वर जायला वाट राहत नाही. आणि नळीत आमच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला की कितीही गॅस जाळा, पाणी आपलं कोमटच.

आधी सिलिंडर बंद केला, ठिणगीचे सेल काढले, नळीतलं पाणी सांडून दिलं आणि सगळं थंड होईपर्यंत चहा घेतला. मग गिझर उतरवून परसात आणला. नाकातोंडाला ओली दस्ती बांधली, बर्नर काढून बाजूला ठेवला आणि जुन्या मऊ ब्रशनं फटींतली काजळी हळूहळू झाडली. तारेच्या ब्रशनं लवकर उरकतं, पण पट्ट्या वाकतात आणि फटी मिटतात त्या मिटतातच. नळीत लिंबूसताचं पाणी भरून ठेवलं. आत बारीक बुडबुडे फुटायचा आवाज येत राहिला. तिथं संडास धुवायचं ॲसिड ओतणारे महाभाग मी बघितलेत. त्यानं क्षार जातो आणि मागोमाग तांबंही जातं. शेवटी नळी खळखळून धुतली, गिझर जागेवर लावला, गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला. एकही बुडबुडा आला नाही. ज्योत लावली, तर निळीशार.

बायकोला बोलावून दाखवली. तिनं लांबूनच बघितलं. "बरी हाय. आता तेवढा झरोका बुजवा."

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, यापुढे बायकोला दुसरं शास्त्र ठाऊक नव्हतं. शेजारच्या मावशी न्हाऊ घालायला येणार होत्या, गावातल्या निम्म्या लेकरांचं पहिलं न्हाणं त्यांच्या हातचं. त्याही तिच्याच बाजूच्या. "वारं अंगात शिरलं की निघत न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी दोघींना समोर बसवून सांगितलं की ज्योतीलाही श्वास लागतो. कोंडलेल्या जागेत ती पिवळी पडते, आणि मग जो वायू सुटतो त्याला ना रंग ना वास. माणूस बसल्या जागी आडवं होतं, ओरडायचंसुद्धा सुचत नाही. नेहमीची आंघोळ दोन बादल्यांत होते, बाळंतिणीचं न्हाणं लांबतं, म्हणून धोका जास्त.

"लेक यायच्या आधीच असलं अभद्र बोलायलाव व्हय तुमी?" बायको उसळली. मीही आवाज चढवला. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, न्हाई बुजवत." ती इतक्या लवकर ऐकते म्हणजे काहीतरी चुकतंय, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवं होतं.

नात झाली. परभणीच्या दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या आणि घराला वेखंडाचा, ओव्याचा वास सुटला. शेक-शेगडी ओसरीवर मोकळ्यात ठेवायची, हे मात्र बायकोनं आणि मावशींनी ऐकलं होतं. न्हाणीकडे मला मज्जाव होता. "बाप्या माणसाचं तिकडं काय काम?" असं मावशींनी पहिल्याच दिवशी सुनावलं. म्हणून मी रोज सकाळी परसात कडुलिंबाची काडी चावत बसायचो. तिथून झरोका दिसायचा. आत गिझरचा भुरभुर आवाज चालायचा, मावशी नातीला पायांवर घेऊन काहीबाही गुणगुणायच्या, आणि झरोक्यातून पांढरी वाफ निघून वर कडुलिंबात विरायची. ती वाफ दिसली की मी निवांत असायचो. जगात याच्यापेक्षा चांगलं बघण्यासारखं काही नाही असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

एके दिवशी पहाटेपासून गार वारं सुटलं होतं. मी कानाला मफलर गुंडाळून नेहमीच्या जागी बसलो. आत पाणी पडत होतं, गिझर चालू होता. काडी चावता चावता माझं लक्ष गेलं. वाफ येत नव्हती.

उठून जवळ गेलो. जाळीच्या आतून गोधडीचा तुकडा गच्च बसवलेला होता.

मी पहिल्यांदा सिलिंडर बंद केला. मग न्हाणीच्या दाराशी धावत गेलो आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. "दार उघडा! आधी लेकराला बाहेर घ्या!"

"अवो, पाणी गार झालं की! काय करायलाव?" आतून बायको ओरडली.

"दार उघड, न्हाई तर तोडतो!"

दार उघडलं. वाफेच्या ढगातून आधी मावशी आल्या, हातात साबणानं माखलेली नात. त्यांच्यामागून बायकोच्या खांद्याला धरून लेक आली आणि ओसरीवर मटकन बसली. "बाबा, डोकं लय जड पडलंय," ती म्हणाली. "मला वाटलं अशक्तपणानं गरगरतंय." आणि नात? ती गप्प होती. एरवी न्हाताना घर डोक्यावर घेणारी माझी नात टुकूटुकू बघत गप्प पडली होती. मी तिला मावशींकडून हिसकावून घेतलं आणि तसाच उघड्या अंगणात उभा राहिलो, त्या गार वाऱ्यात. वाऱ्याची झुळूक लागली तशी ती शहारली आणि मग जी रडली! तसं रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी हसत होतो.

शेजारच्या रिक्षातून सगळ्यांना परभणीला नेलं. तिथं मायलेकींना ऑक्सिजन लावला, बायकोला आणि मावशींनाही तपासलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. रिक्षात मी बायकोला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लेक आणि नात ठीक आहेत असं कळल्यावर आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. ऊन चांगलं वर आलं होतं. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्या टायमाला बी झरोकाच हुता."

कोणत्या टायमाला, हे मला लगेच कळलं. आमची पहिली मुलगी. माझ्या सासुरवाडीला, पत्र्याच्या खोलीत, थंडीच्या दिवसांत झाली होती. थोडे दिवस राहिली आणि तापानं गेली. मी तेव्हा मिलमध्ये पाळीवर होतो, निरोप मिळाला तेव्हा सगळं आटपलं होतं. तिच्याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. ताप कशानं आला हे कुणी सांगितलं नाही, कुणाला ठाऊकही नव्हतं. पण बायकोनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की उशाच्या झरोक्यातून वारं आलं आणि तिला घेऊन गेलं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. हिनं सगळे झरोकेच बुजवायला घेतले होते, आणि मी इतकी वर्षं हिला नुसती हट्टी म्हणत होतो.

"मी नातीला मारायला बसले न्हवते वो," ती म्हणाली आणि रडली. मलाही रडू आलं. पायरीवरून लोक येत-जात होते, बघेनात का.

मायलेकींना घेऊन घरी आल्यावर गिझर पुन्हा उतरवला. तांब्याच्या पट्ट्या उघडल्या तर एवढ्यात पुन्हा काजळी धरलेली. पिवळ्या ज्योतीची ती खूण. मी दस्ती बांधली, ब्रश घेतला. बायको लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला येऊन बसली. माझं काळं बोट बघून म्हणाली, "एवढं काळं लेकरांच्या छातीत गेलं असतं?"

"काळं दिसतं ते बरं," मी म्हणालो. "त्या दिवशी न्हाणीत जे जायलं हुतं ते दिसत न्हाई."

बर्नर पुसायला तिनं स्वतःच फडकं घेतलं.

गिझर मी परसातल्या भिंतीवर लावला. वर पत्रा, दोन बाजूंना आडोसा, समोरून सगळं मोकळं. नळीला पोत्याची जाड पट्टी गुंडाळून ती भिंतीतून आत घेतली. पाणी वाटेत निवेल म्हणून बायको बोलेल असं वाटलं होतं, पण पट्टी बांधायला सुतळी तिनंच आणून दिली.

दुसऱ्या दिवशी न्हाण्याआधी मी न्हाणीत गेलो. मावशी दारात तेलाची वाटी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी बाजूला सरून वाट दिली. बायकोनं झरोका मोकळा करून गोधडीचा तुकडा कोपऱ्यात टाकून दिला होता. मी तो उचलला, झटकला, घडी घातली आणि स्टुलावर चढून झरोक्यात बसवला. आता आत ज्योत नव्हती, भ्यायचं काही कारण नव्हतं. चारी कोपरे अंगठ्यानं दाबून घेतले.

खाली उतरलो तर बायको मागे उभी. स्टुलावर चढली, गोधडीवर तळहात टेकवला आणि तसाच धरून राहिली.

"वारं येत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई येत," मी म्हणालो.

मग तिनं लेकीला हाक मारली, "आन गं लेकराला."