मेकॅनिकसमोर चालणारी गाडी

मोटरसायकल कधी, कुठे बंद पडली याची यादी मी मेकॅनिकला दिली. त्याच्यासमोर मात्र ती सुरळीत चालू होती.

"साहेब, इथं आली की प्रत्येक गाडी शहाणी होते," म्हणत तो हँडल सावकाश डावी-उजवीकडे वळवत राहिला. वीसेक मिनिटांनी, हँडल पूर्ण डावीकडे असताना, इंजिन बंद पडलं. आतून तुटलेली वायर सापडली.

मला बाबा आठवले. डॉक्टरांसमोर त्यांनी नातवंडांची नावंही बिनचूक सांगितली होती. "घरी कधीकधी मलाच ओळखत नाहीत रे," आई म्हणाली, तेव्हा मी तिलाच गप्प केलं होतं. बिघाड दिसायला त्याच्याजवळ थांबावं लागतं. मी मात्र दर वेळी आई-बाबांना भेटून तासाभरात परतत होतो.

तिथूनच आईला फोन केला. "आठवडाभर राहायला येतोय."

"ये," ती म्हणाली. "म्हणजे मला जरा झोपता येईल."